बालपणीचे बर्गर : विम्पी, जिनोज, निरुलाज... कुठे गेले हे सगळे?

तळमजला

ब्रिटनमधल्या विम्पी नावाच्या बर्गरच्या दुकानात बसून काट्या-सुरीने बर्गर खाल्लेली मंडळी इथे कोणी आहेत का? हा धागा त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही जरूर यावं, फक्त आपापलं बंद पडलेलं दुकान सोबत घेऊन यावं.

माझे वडील डॉक्टर. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला तेव्हा बाहेरचे डॉक्टर हवेच होते, त्या लाटेत तेही गेले. सत्तरच्या दशकात आमचं बिऱ्हाड या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून त्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये फिरत होतं. गाव कुठलंही असो, हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजारपेठेत, लाल पाटीचं विम्पी असायचंच. आत जाऊन बसायचं, मग बाई येऊन ऑर्डर घेणार. चिनीमातीच्या ताटलीत बर्गर, बाजूला चिप्स, काटा, सुरी. टेबलावर लाल प्लास्टिकचा टोमॅटो, तो पिचकवला की सॉस. भावाने एकदा तो इतक्या जोरात पिचकवला की पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांचा कोट रंगला. आईने माफी मागितली, आजोबांनी भावाला चॉकलेट दिलं. इंग्रज माणूस कधी कसा वागेल सांगता येत नाही.

माझा जीव मात्र बर्गरपेक्षा बेंडरवर. लांबडं सॉसेज, त्याला एका बाजूने काप दिलेले, त्यामुळे तव्यावर ते आपोआप वळून गोल कडं होई. ते कडं पावात. काय त्यात एवढं? काही नाही. पण सॉसेज गोल होतं याचं त्या वयात इतकं अप्रूप होतं की बस.

आता थोडा इतिहास, कारण खरी मजा तिथेच आहे. विम्पी मूळचं अमेरिकन. १९३४ मध्ये एडवर्ड गोल्ड नावाच्या गृहस्थांनी इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला सुरू केलं. नाव घेतलं पॉपायच्या कार्टूनमधल्या त्या बर्गरखाऊ, उधारीबहाद्दर विम्पीचं. ब्रिटनमध्ये ते आणलं चहाची दुकानं चालवणाऱ्या जे. लायन्स कंपनीने, १९५४ मध्ये, लंडनच्या कॉव्हेंट्री स्ट्रीटवरच्या आपल्या 'कॉर्नर हाउस' या मोठ्या उपाहारगृहात. महायुद्धापासूनचं रेशनिंग त्याच वर्षी संपलं होतं. लोकांना मांस खायचं होतं आणि टेबलावर बसून, कोणीतरी वाढलेलं खायचं होतं. १९७० च्या आसपास वीसेक देशांत मिळून हजारावर शाखा होत्या. पुढे १९७४ मध्ये लंडनच्या वूलिचला मॅकडोनाल्डची पहिली शाखा निघाली आणि हातात पिशवी घेऊन चालत-चालत खायचे दिवस आले. लायन्सने १९७७ मध्ये विम्पी युनायटेड बिस्किट्सला विकलं, त्यांनी १९८९ मध्ये ग्रँड मेट्रोपॉलिटनला. आणि ग्रँड मेटने त्याच वर्षी पिल्सबरी विकत घेतलेली होती. पिल्सबरीच्या पोटात काय होतं? बर्गर किंग!

पुढचं सांगायलाच नको. विम्पीच्या काउंटरवाल्या, मोक्याच्या जागांवरच्या शाखांवर बर्गर किंगच्या पाट्या चढल्या. टेबलवाल्या उरलेल्या शाखा व्यवस्थापकांच्याच एका गटाने १९९० मध्ये विकत घेतल्या. त्यातल्या किरकोळ अजून तग धरून आहेत, म्हणजे विम्पी 'मेलं' म्हणता येत नाही. आमच्या गावांतली मात्र सगळी गेली.

माझं म्हणणं असं, की विम्पीला कोणी बर्गरसाठी विकत घेतलंच नाही. कोपऱ्यावरची जागा हवी होती, ती मिळाली. तुमच्या बालपणीच्या दुकानांचंही असंच झालं का, हे मला जाणून घ्यायचंय.

सहजच

वाचनखूण साठवली. आम्ही आपले मनमाडचे, स्टेशनावरच्या कटलेट-ब्रेडच्या वर कधी गेलो नाही. वाचतेय.

चेसापीक

तळमजला, काय विषय काढलात! मी बाल्टिमोरची. बाबा १९७१ मध्ये आले, आई आणि मी वर्षभराने. आमच्याकडे 'जिनोज' होतं.

जिनोजचे मालक फुटबॉल खेळाडू होते. आपला फुटबॉल नव्हे, तिकडचा अंडाकृती चेंडूवाला. जिनो मार्चेट्टी आणि ॲलन अमीची, दोघे बाल्टिमोर कोल्ट्सचे. १९५७ मध्ये भागीदारांबरोबर त्यांनी हे काढलं. पुढच्याच वर्षी कोल्ट्स न्यूयॉर्कला अंतिम सामना खेळायला गेले. शेवटच्या टप्प्यात मार्चेट्टीचा पाय मोडला, तो स्ट्रेचरवर बाजूला, आणि जादा वेळेत अमीचीने चेंडू रेषेपलीकडे नेऊन सामना जिंकून दिला. बाल्टिमोरमध्ये अजूनही लोक हे असं सांगतात की वाटावं काल झालंय. त्या गावात त्यांचा बर्गर न खाणं म्हणजे जवळजवळ फितुरी.

आमच्या भागात केंटकी चिकनसुद्धा जिनोजच्याच छताखाली मिळायचं, म्हणून बाबा खूश. आई पक्की शाकाहारी. ती काउंटरवर सांगायची, बर्गर द्या, फक्त त्यातला बर्गर काढा. त्या पोरीला ते समजेपर्यंत मागे रांग लागायची आणि मी बाबांच्या मागे लपायची. मग यायचा पाव, चीज, टोमॅटो, सॅलडचं पान, लोणच्याची काकडी. आई पर्समधून चटणीची डबी काढून त्यावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरायची. आता त्याच पदार्थाचे लोक वीस डॉलर देतील, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. १९८२ मध्ये मॅरियटने, म्हणजे हॉटेलवाल्या मॅरियटने, जिनोज विकत घेतलं आणि त्याच्या शाखांची 'रॉय रॉजर्स' करून टाकली. रॉय रॉजर्स हा काऊबॉय नट, त्याच्या नावाची मॅरियटची साखळी होती. आठ वर्षांनी मॅरियटने रॉय रॉजर्स हार्डीज या दुसऱ्या बर्गर साखळीला विकलं. हार्डीजने पाट्या बदलायला घेतल्या तर लोक भडकले, तेव्हा पुन्हा काही ठिकाणी जुनी पाटी. पुढे हार्डीजनेही बऱ्याच जागा फुंकल्या, त्यातल्या काही मॅकडोनाल्डने घेतल्या. आमच्या घराजवळच्या एकाच इमारतीला मी जिनोज, मग रॉय रॉजर्स, मग मॅकडोनाल्ड अशी बघितलीय. तेव्हा तुमच्या सिद्धांताला माझं अनुमोदन.

काडीपेटी

पाचशे शब्द वाचून झाल्यावर कळलं की ही मंडळी बीफ आणि पावाच्या आठवणीने गहिवरलीत. अहो, दादर स्टेशनबाहेर वडापाव मिळत होता की तुमच्या बालपणी. कोणी अडवलं होतं?

तळमजला

@काडीपेटी : वूलिचहून दादर लोकल नव्हती हो.

करोलबागी

काडीपेटी भाऊ, सगळे मराठी दादरलाच जन्मतात असं नाही. आम्ही दिल्लीचे. वडील केंद्र सरकारात, क्वार्टर सरोजिनी नगरला, गणपती पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात. आणि चैन म्हणजे कनॉट प्लेसचं निरुलाज.

तळमजला, विम्पी दिल्लीतही होतं, कनॉट प्लेसलाच. बीफचा प्रश्नच नव्हता, मटणाचा बर्गर. कॉलेजची मुलं तिथे जायची, आम्ही शाळकरी पोरं बाहेरून बघायचो. आमचं देवस्थान निरुलाज. १९३४ मध्ये दोन निरुला भावांनी कनॉट प्लेसला हॉटेल काढून सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकात बर्गर-पिझ्झा-आइस्क्रीमचं सेल्फ-सर्व्हिस दुकान उभं केलं. 'सेल्फ-सर्व्हिस' हे माझ्या आजोबांच्या कधी गळी उतरलं नाही. पैसे आधी द्यायचे, कूपन घ्यायचं, मग स्वतःच जाऊन ट्रे उचलायचा. "एवढे पैसे घेऊन आपल्यालाच वाढपी करतात," असं म्हणत ते ट्रे धरून उभे राहायचे आणि हॉट चॉकलेट फज मात्र सगळ्यांत आधी संपवायचे.

परीक्षेत चांगले मार्क मिळाले की प्रगतिपुस्तक दाखवून निरुलाजमध्ये आइस्क्रीम फुकट मिळायचं. दिल्लीतली एक अख्खी पिढी त्या आइस्क्रीमसाठी गणित शिकली. आमच्या वर्गातला एक पठ्ठ्या बहिणीचं प्रगतिपुस्तक घेऊन गेला. नावातला शेवटचा काना खोडरबरने पुसला होता. पकडला गेला, पण काउंटरवरचा माणूस इतका हसला की त्याने एक स्कूप दिलाच.

चाणक्य सिनेमाशेजारी एक निरुलाज होतं. पिक्चर आणि मग बर्गर, हा आमच्या कॉलेजच्या दिवसांतला सगळ्यांत महागडा कार्यक्रम. सिनेमा २००७ च्या डिसेंबरात बंद झाला, पुढे इमारत पाडली, आता तिथे चकचकीत मॉल आहे. कनॉट प्लेसचा कोपराही गेला.

मात्र तुमचा सिद्धांत इथे थोडा लंगडतो. निरुलाज कंपनी २००६ मध्ये मलेशियाच्या एका गुंतवणूक कंपनीने, नेविस कॅपिटलने घेतली, हे खरं. पण त्याच्या आधीच दहा वर्षं मॅकडोनाल्ड आलेलं होतं. १९९६ च्या ऑक्टोबरात वसंत विहारच्या बसंत लोकमध्ये पहिली शाखा, महाराजा मॅक मटणाचा. त्या रांगेत मी होतो. आमच्याच घरातली पोरं 'आता निरुलाज नको' म्हणू लागली. जागेच्या आधी गिऱ्हाईक गेलं.

काडीपेटी

आजोबांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. ट्रे आपण उचलायचा, टेबल आपण शोधायचं, कचरा आपण टाकायचा, आणि वर सर्व्हिस चार्ज. आमचा मामा वडापावची गाडी चालवतो, तो निदान हातात देतो.

हुरडापार्टी

धाग्याच्या नियमात मी बसत नाही, कारण आपलं बालपण सोलापुरात गेलं आणि तिथं बर्गर म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी इंडियानात शिकायला होतो, त्यामुळं 'बर्गर शेफ' या साखळीचा शेवट डोळ्यांनी बघितलाय. लिहू का?

चेसापीक

विचारता काय, लिहा!

हुरडापार्टी

तर ऐका. इंडियानापोलिसमध्ये थॉमस बंधूंची यंत्रं बनवायची कंपनी होती. मिल्कशेकची यंत्रं, आइस्क्रीमची यंत्रं. त्यांनी बर्गर भाजायचं एक यंत्र काढलं. साखळीवर टिकिया ठेवायची, ती ज्वाळांतून पलीकडं जायची आणि भाजून बाहेर पडायची. तासाला आठशे. आता एवढं यंत्र केलं तर ते दाखवायला दुकान पाहिजे, म्हणून १९५८ मध्ये बर्गर शेफ काढलं. बर्गर, फ्राइज, शेक, तिन्ही मिळून ४५ सेंट. म्हणजे गडी निघाले यंत्र विकायला आणि झाले हॉटेलवाले! सोलापुरात यंत्रमाग बनवणाऱ्यानं चादरीचं दुकान टाकावं तसं.

धंदा असा वाढला की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हजारावर दुकानं, मॅकडोनाल्डच्या खालोखाल. लहान मुलांसाठी खेळणं घातलेला खाऊचा डबा त्यांनी १९७३ मध्ये आणला, नाव 'फनमील'. मॅकडोनाल्डचं हॅपी मील आलं १९७९ मध्ये. ह्यांनी दावा लावला आणि हरले. माझ्या प्रयोगशाळेतले गोरे मित्र हे सांगताना अजून चिडायचे. ते सगळे त्या डब्यांवर वाढलेले. डब्याचं पुठ्ठ्याचं काही कापून विमान करायचं, काही घडी घालून रॉकेट.

आणि एक गोष्ट होती 'वर्क्स बार'. बर्गर साधा मिळायचा, मग एका मेजावर कांदा, टोमॅटो, लोणचं, सॉस मांडलेलं, हवं तेवढं घ्यायचं. आम्ही देशी विद्यार्थी तिथं काय करायचो ते विचारू नका. बर्गर एक आणि कांदा पावशेर.

तळमजलांच्या प्रश्नाचं उत्तर : १९६८ मध्ये जनरल फूड्सनं ती साखळी विकत घेतली. खाद्यपदार्थांची एवढी अवाढव्य कंपनी, पण डबाबंद माल विकणं आणि दुकान चालवणं या वेगळ्या गोष्टी. जिथं-तिथं शाखा उघडत सुटले आणि तोट्यात गेले. शेवटी १९८२ मध्ये इमास्को या कॅनडाच्या कंपनीला विकली. हार्डीज त्यांचंच. आता बोला! चेसापीकताईंच्या गोष्टीतलंच हार्डीज. आमच्या विद्यापीठाजवळचं बर्गर शेफ एका सुट्टीत हार्डीज झालं. आत टेबलं तीच, भिंती तशाच, वर्क्स बार गायब. शेवटचं बर्गर शेफ १९९६ मध्ये टेनेसीतल्या कुकव्हिलला संपलं.

सहजच

हार्डीज हा या धाग्याचा खलनायक आहे असं दिसतंय.

तळमजला

हुरडापार्टी, कमाल माहिती! यंत्रावरून आठवलं, अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या विम्पीवाल्या लायन्स कंपनीने १९५१ मध्ये स्वतःचा संगणक बनवला होता. 'लिओ' त्याचं नाव. चहाच्या दुकानांना रोज किती केक-पाव पाठवायचे, पगार किती द्यायचे, हा हिशेब ते यंत्र करत असे. व्यापारी कामासाठी रोज वापरला गेलेला जगातला पहिला संगणक एका चहा-केकवाल्या कंपनीचा. आमच्या आयटीतल्या पोरांना हे सांगितलं की ती गूगल करून बघतात आणि मग गप्प होतात.

करोलबागी, गिऱ्हाईक आधी गेलं हे मान्य. पण गिऱ्हाईक कमी झालं म्हणून दुकान लहान होतं, एकदम नाहीसं होत नाही. नाहीसं होतं ते कोणीतरी चेक लिहितो तेव्हा.

वेंब्लीची आत्या

मी इथे सहसा वाचते, लिहीत नाही. भाचीने टाइप करून दिलंय.

मी १९६८ मध्ये लग्न होऊन लंडनला आले. तळमजला, तुम्ही टोमॅटो आणि बेंडरच्या गोष्टी सांगितल्यात, त्या खऱ्याच. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसणार, तुम्ही पोर होतात. त्या काळी विम्पीत मध्यरात्रीनंतर पुरुष सोबत नसेल तर बाईला वाढत नसत. नियमच होता तसा. अशा वेळी एकटी आलेली बाई म्हणजे वाईट चालीचीच, असा त्यांचा समज. १९७१ च्या सुमाराला इथल्या बायकांनी त्यावरून निदर्शनं केली, मग तो नियम गेला. आमच्या रात्रपाळीच्या नर्सांमध्ये त्याची पुष्कळ चर्चा झाली होती. तेव्हा फार गोड-गोड आठवणी काढू नका.

पण मीही विम्पीत जायचे बरं का, पुढे पुढे तर हक्काने. कारण बीनबर्गर. घेवड्याच्या बियांची तिखट टिकिया. तोवर शाकाहारी बाईला बाहेर खायला चिप्स आणि कोशिंबीर. ह्यांच्या ऑफिसातले लोक घरी यायचे ते माझ्या हातचं खायला, आणि आम्ही बाहेर गेलो की मी बटाटे चघळत बसायची. पहिल्यांदा बीनबर्गर मिळाला तेव्हा मी घरी येऊन तसाच करून बघितला, राजमा घालून. थोडं आलं-लसूण वाढवलं. आमच्या मंडळाच्या कोजागिरीला मग तो दरवर्षी व्हायचा. लोक त्याला 'विम्पीची टिकिया' म्हणत, विम्पी बंद झालं तरी.

चेसापीक

आत्या, दंडवत. माझ्या आईला तुम्ही तेव्हा भेटायला हव्या होत्यात.

पेठेतला पाव्हणा

बर्गर किंगचा विषय निघालाच आहे तर पुण्याचं सांगतो. आमच्या कॅम्पातलं बर्गर किंग १९९२ पासूनचं. अमेरिकेचं बर्गर किंग भारतात आलं २०१४ मध्ये. अमेरिकनांनी २०११ मध्येच पुण्याच्या कोर्टात दावा लावला की हे नाव आमचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कोर्टाने तो फेटाळला. लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग कंपनी हायकोर्टात गेली आणि अपील चालू असेपर्यंत नाव वापरू नये असा आदेश आला; त्या आदेशाला २०२५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. दुकान चालू आहे, बर्गर तेच आहेत, नावाची लढाई चालू आहे. तळमजलांचं सगळं म्हणणं इथे उलटं होतं : जागा आमची, बर्गर आमचा, आणि भांडण पाटीसाठी.

काडीपेटी

पुण्याचा माणूस आला आणि धागा पुण्यात नेला. चला, कोरम पूर्ण.

पेठेतला पाव्हणा

मामाच्या वडापावच्या गाडीवरून तुम्ही तो आधीच दादरला नेला होतात.

समुद्रसपाटी

कामानिमित्त काही वर्षं दक्षिण आफ्रिकेत दर्बानला होतो. तिथे विम्पी 'आठवण' नाही, चक्क जोरात चालू आहे. १९६७ मध्ये पहिली शाखा दर्बानलाच उघडली. आता महामार्गांवर पेट्रोल पंपाला लागून विम्पी असतं. लांबच्या प्रवासात सकाळी अंडी-टोस्ट-कॉफीसाठी सगळे तिथेच थांबतात, आपल्याकडे एक्सप्रेसवेच्या फूडमॉलला थांबतात तसे. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या त्या कंपनीने, फेमस ब्रँड्सने, २००७ मध्ये ब्रिटनचं विम्पीही विकत घेतलं. अमेरिकेत जन्म, इंग्लंडात संसार, आणि म्हातारपणी सांभाळणारा मुलगा आफ्रिकेत.

पण आत्यांनी म्हटलं तसं, तिथेही सगळं गोड नव्हतं. १९६७ चं दर्बान म्हणजे वर्णभेदाचं दर्बान. समुद्रकिनाऱ्यावरचा कुठला बाक कोणाचा हेही कायद्याने ठरलेलं. तिथली माझ्या वयाची भारतीय वंशाची माणसं बर्गरची आठवण काढत नाहीत, बनी चाऊची काढतात. पावाचा अर्धा लोफ कोरून त्यात ओतलेली करी. ती साखळी नव्हती, पण ते दुकान त्यांचं होतं.

करोलबागी

हे वाचून थांबावंसं वाटलं. बनी चाऊवर वेगळा धागा काढा, प्लीज.

तळमजला, तुमच्या चेकच्या मुद्द्यावर विचार केला. २०१७ च्या जूनमध्ये दिल्लीतल्या मॅकडोनाल्डच्या ५५ पैकी ४३ शाखा एका झटक्यात बंद पडल्या होत्या. बर्गर खराब झाला होता? नाही. गिऱ्हाईक आटलं होतं? तेही नाही. मूळ कंपनी आणि उत्तर भारतातला भागीदार यांचं भांडण, त्यात उपाहारगृहांचे परवाने नवे करायचे राहिले. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या मैत्रिणी बंद शटरसमोर फोटो काढून 'आमचं बालपण संपलं' म्हणून टाकत होत्या. मी तिला म्हटलं, अगं, तुमच्या या बालपणानेच आमचं बालपण संपवलं होतं. तिने मला त्या फोटोत टॅग केलं. तेव्हा तुमचा सिद्धांत अर्धा मान्य. निरुलाजला मॅकडोनाल्डने मारलं, पण मॅकडोनाल्डची दुकानं कागदांनी बंद पाडली.

हुरडापार्टी

माझं मत थोडं निराळं आहे. तुम्ही सगळे म्हणताय की कोणीतरी विकत घेऊन मारलं. पण विकलं कोणी? थॉमस बंधूंनी स्वतः विकलं. जिनोजच्या मालकांनीही विकलं. चांगले पैसे मिळत होते, वय झालं होतं. उद्या कोणी काडीपेटींच्या मामाला गाडीचे दहा कोटी दिले तर मामा नाही म्हणेल का?

काडीपेटी

मामाला विचारलं. म्हणाला, पाच कोटीला गाडी घेऊन जा, तवा देणार नाही.

चेसापीक

हाहाहा! आणि मार्चेट्टीने तेच केलं की जवळजवळ. जुन्या भागीदारांनी २०१० मध्ये फिलाडेल्फियाजवळ किंग ऑफ प्रशियाला जिनोज परत सुरू केलं. मार्चेट्टी तेव्हा ऐंशीच्या पुढे. पुढे आमच्या मेरीलँडमध्येही दुकानं काढली. मी आईला घेऊन गेले. आईने काउंटरवर तेच सांगितलं, बर्गर द्या, त्यातला बर्गर काढा. काउंटरवरच्या मुलाने पापणीही न हलवता विचारलं, चीज कुठलं हवंय? आई थोडी नाराजच झाली. तिला रांग थांबवायची सवय होती.

चव? बाबा म्हणाले जुनीच आहे. मला आठवत नाही हो जुनी चव. मला पार्किंगमधला तेलाचा वास आठवतो आणि गाडीच्या रेक्झिनच्या सीटला चिकटलेल्या मांड्या.

सहजच

तळमजला, ते बेंडर घरी करता येईल का? मुलांच्या डब्यात देईन म्हणते. मनमाडला कोल्ड स्टोरेजवाल्याकडे चिकन सॉसेज मिळतात.

तळमजला

सहज होतं. लांब, जाड सॉसेज घ्या, छोटी कॉकटेलवाली नकोत. एकाच बाजूने तिरके काप द्या, अर्ध्या जाडीपर्यंत, बोटभर अंतरावर. तव्यावर थोडं तेल, मध्यम आच. कापांची बाजू उमलते आणि सॉसेज उलट्या बाजूला वळतं. पूर्ण कडं होत नसेल तर टोकं टूथपिकने जोडा, डब्यात देताना टूथपिक आठवणीने काढा. पाव तव्यावर तुपात भाजा, कड्याच्या मध्ये टोमॅटोची एक चकती.

सहजच

केलं. पहिली दोन तुटली, काप फार खोल गेले होते. तिसरं झालं गोल. धाकट्याने विचारलं, आई, हे सॉसेज असं का झालं? काय सांगू?

वेंब्लीची आत्या

त्याला म्हणावं खा आधी. आणि राजम्याची टिकिया करून बघायची असेल तर सांगते : रात्रभर भिजवलेला राजमा नीट शिजवून निथळून घ्यायचा, पाणी राहिलं तर टिकिया फुटते. अर्धवट ठेचायचा, पेस्ट नको. कांदा परतून, आलं, लसूण, तिखट, थोडा धना-जिरा, आणि बांधायला ब्रेडचा चुरा. तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग तळायची. पाव मऊच हवा, कडक पावात ती बाजूने बाहेर येते.

काडीपेटी

आत्या, ही टिकिया लादीपावात घातली तर चालेल का? मामा विचारतोय.

वेंब्लीची आत्या

चालेल. मामाला सांग, हिरवी चटणी लावायची, सुकी नको. आणि पाटी बदलायची नाही.